पुणे–लातूर, नऊ सीटचं विमान आणि ‘उडान’: धोरणाचा हिशेब दरांवर नको, तारखांवर मांडा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात तुम्ही आणि तुमचे मेव्हणे मिळून चार्टर बुकिंग आणि ग्राउंड हँडलिंगचं काम करता. आता एक सेसना कॅरावॅन, म्हणजे नऊ सीटचं एक-इंजिनी विमान, लीजवर घेऊन पुणे–लातूर रोजची फेरी सुरू करावी, ‘उडान’ या केंद्राच्या प्रादेशिक विमानसेवा योजनेखाली सरकारी अनुदान मिळवावं आणि मार्गावरच्या तीन वर्षांच्या मक्तेदारीत पाय रोवावेत, असा बेत आहे. विचारलंत ते असं: अनुदान पुरेल का, आणि मध्येच सरकारने धोरण बदललं तर काय?

‘पुरेल का’चं उत्तर तुमच्या बोलीच्या (सीटमागे किती अनुदान मागता त्या) आकड्यावर, लीजच्या अटींवर आणि लातूरला इंधन मिळतं की नाही यावर ठरेल. ते इथे बसून कोणी सांगू शकणार नाही. दुसऱ्या प्रश्नाची मांडणीच मला जरा चुकलेली वाटते. धोरण बदलल्यामुळे छोटे ऑपरेटर बुडतात असं क्वचितच होतं. जे धोरण कागदावर आहे ते तसंच राहतं, पण त्यातल्या तारखा तुमच्या धंद्याच्या तारखांशी जुळत नाहीत, आणि खड्डा तिथे पडतो. म्हणून दराच्या तक्त्याआधी कॅलेंडर काढा.

आधी योजनेचा सांगाडा. प्रादेशिक जोडणीची योजना ऑक्टोबर २०१६ मध्ये आली, पहिलं उड्डाण २७ एप्रिल २०१७ ला शिमला–दिल्ली. मूळ रचना अशी: साधारण ५०० किलोमीटर, म्हणजे तासाभराच्या प्रवासाला अडीच हजारांची भाडेमर्यादा, कमी अंतराला त्याहून कमी. विमानातल्या निम्म्या सीट या भाड्यात द्यायच्या, पण किमान ९ आणि कमाल ४०. म्हणजे तुमच्या नऊ सीटच्या विमानात सगळ्याच सीट सवलतीच्या. महाग विकायला एकही उरत नाही. त्या बदल्यात तीन वर्षं तफावत निधी, म्हणजे ज्याला सगळे व्हीजीएफ म्हणतात तो, आणि तीन वर्षं त्या मार्गावर मक्तेदारी. निधीत केंद्राचा वाटा ८० टक्के, राज्याचा २०. केंद्राचा वाटा मोठ्या मार्गांवरच्या उड्डाणांवर बसवलेल्या शुल्कातून येतो, म्हणजे मुंबई–दिल्लीचा प्रवासी नकळत तुमच्या लातूरकराचं तिकीट भरत असतो.

आता तारखा. पहिली आणि सगळ्यात महागडी तारीख आहे मार्ग मंजूर झाल्याची. २०२३ च्या, बोलीच्या पाचव्या फेरीत नियम कडक झाला: मंजुरीनंतर चार महिन्यांत उड्डाण सुरू व्हायला हवं (पूर्वी सहा होते), आणि उशीर झाला तर पहिल्या चार महिन्यांत दर महिन्याला कामगिरी हमीतली (मार्ग चालवण्याची हमी म्हणून ठेवलेल्या रकमेतली) २५ टक्के रक्कम जप्त. तुमच्याकडे आज ऑपरेटरचं प्रमाणपत्र नाही, बुकिंगचा अनुभव आहे. मंत्रालयाचं ना-हरकत, मग डीजीसीएचे (विमान वाहतूक नियामकाचे) पाच टप्पे: अर्जपूर्व बैठक, औपचारिक अर्ज, कागदपत्रांची छाननी, प्रत्यक्ष तपासणी व प्रात्यक्षिक उड्डाणं, शेवटी प्रमाणपत्र. ऑपरेशन्स मॅन्युअल, एमईएल (कुठला भाग बिघडलेला असतानाही उडता येतं त्याची यादी), देखभालीचा करार, सुरक्षा कार्यक्रमाची मंजुरी, फ्लाइट सेफ्टीचा प्रमुख, ट्रेनिंगचा प्रमुख, ही सगळी माणसं आणि पुस्तकं तिसऱ्या टप्प्याआधी तयार लागतात. नवख्याने यासाठी नऊ महिने ते दीड वर्ष धरावं. मॅन्युअल दुसऱ्याचं उचलून नाव बदललेलं असेल तर तिसऱ्या टप्प्यात हरकतींची यादी येते आणि तिथेच दोन-तीन महिने जातात.

म्हणजे आधी बोली आणि मग प्रमाणपत्र, असा क्रम लावलात तर हमी पूर्ण जप्त होऊन वर मार्गही जाईल. आधी प्रमाणपत्र आणि मग बोली लावलीत, तर विमान प्रमाणपत्राच्या प्रात्यक्षिकासाठी ताब्यात असावं लागतं, आणि त्याचं लीज भाडं पहिल्या प्रवाशाच्या किती तरी आधी सुरू होतं. यातून मधली वाट एकच: आधी एनएसओपी, म्हणजे चार्टरचं परमिट घ्या. विमान येईल, माणसं बसतील, थोडी कमाई होईल आणि कम्युटर परमिटसाठीची (छोट्या विमानाच्या नियमित फेऱ्यांच्या परवान्याची) निम्मी पुस्तकं तयार होतील. लेसरशी, म्हणजे विमान लीजवर देणाऱ्याशी, बोलताना सुपूर्दगीची तारीख चौथ्या टप्प्याला बांधून घ्या, करारावरच्या सहीच्या दिवसाला नको.

ही भीती उगाच घातलेली नाही. कॅगच्या २०२३ च्या अहवालात बोलीच्या तिसऱ्या फेरीपर्यंतचा हिशेब आहे: ७७४ मार्गांपैकी ४०३ सुरूच झाले नाहीत. सुरू झालेल्या ३७१ पैकी तीन वर्षांची सवलतीची मुदत पूर्ण करणारे ११२, आणि त्यानंतरही मार्च २०२३ पर्यंत टिकलेले ५४. बहुतेक लोक शेवटचा आकडा वाचून ‘अनुदान संपलं की मार्ग संपतो’ असा निष्कर्ष काढतात. मला पहिला आकडा जास्त बोलका वाटतो. निम्म्याहून जास्त मार्ग अनुदान सुरू होण्याआधीच मेले: विमानतळ तयार नाही, स्लॉट (उड्डाणाची आणि उतरण्याची ठरलेली वेळ) नाही, विमान नाही.

सोलापूरचं उदाहरण घ्या, आपल्या जवळचंच. बोलीच्या पहिल्याच फेरीच्या यादीत, म्हणजे २०१७ मध्ये, सोलापूरचं नाव होतं. साखर कारखान्याच्या सहवीजनिर्मितीची चिमणी उड्डाणमार्गात येते म्हणून वर्षानुवर्षं वाद चालला. ती १५ जून २०२३ ला पाडली, सुधारित विमानतळाचं उद्घाटन २९ सप्टेंबर २०२४ ला झालं आणि नियमित फेरी, तीही गोव्याची, सुरू झाली ९ जून २०२५ ला. या आठ वर्षांत कुठल्याही सरकारने धोरण मागे घेतलं नव्हतं. धोरण होतं, दर होता, फक्त उतरायला जागा नव्हती. त्या वेळी कोणी सोलापूरच्या भरवशावर विमान लीजवर घेऊन बसलं असतं तर? म्हणून लातूरच्या बाबतीत ‘विमानतळ आहे’ या उत्तरावर थांबू नका. परवाना आज वैध आहे का, कुठल्या श्रेणीचा आहे, अग्निशमन कुठल्या दर्जाचं, पोलीस बंदोबस्त कोण देणार, हवामानाचा अधिकृत अहवाल कोण देणार, हे पाच प्रश्न लेखी विचारा. योजनेप्रमाणे सुरक्षा आणि अग्निशमन राज्याने मोफत द्यायचं आहे. पण मोफत म्हणजे रोज सकाळी हजर, असा अर्थ होत नाही.

पुण्याच्या टोकाला वेगळंच दुखणं. लोहगाव वायुसेनेचा तळ आहे, आपण तिथे पाहुणे. नवं टर्मिनल जुलै २०२४ मध्ये सुरू झालं, पण धावपट्टी तीच आणि वेळांचा शेवटचा शब्दही त्यांचाच. टर्मिनल मोठं झालं म्हणून स्लॉट वाढला असं होत नाही. विमान कंपन्यांची वेळापत्रकं वर्षातून दोनदा बदलतात, मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. स्लॉटची मागणी त्याच्या काही महिने आधी जाते. तुमची मंजुरी समजा नोव्हेंबरात आली, तर हिवाळी वेळापत्रकातल्या सकाळच्या चांगल्या वेळा केव्हाच गेलेल्या असतात. मिळेल ती दुपारची दीडची वेळ. लातूरचा माणूस पुण्यात दिवसाचं काम करून परत जायला बघतो. त्याला दीडची वेळ फुकट दिली तरी चालत नाही. बोलीच्या कागदावर सही करण्याआधी कुठल्या हंगामाचा कुठला स्लॉट हे ठरलेलं हवं, निदान तोंडी अंदाज तरी.

आता इंधन. याबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण सगळ्यात जास्त गैरसमज इथेच आहेत.

एटीएफ, म्हणजे विमानाचं इंधन, जीएसटीबाहेर आहे. त्यावर केंद्राचं उत्पादन शुल्क ११ टक्के आणि राज्याचा व्हॅट. महाराष्ट्रात २०२३ च्या अर्थसंकल्पात मुंबई, पुणे आणि रायगडचा व्हॅट २५ वरून १८ टक्क्यांवर आणला. ‘उडान’च्या विमानतळावर भरलेल्या इंधनाला शुल्क २ टक्के आणि व्हॅट १ टक्का. यातला शब्द नीट वाचा: ‘उडानच्या विमानतळावर भरलेल्या’. लोहगाव काही उडानचा विमानतळ नाही. सवलत फेरीला नाही, नळीला आहे. नळी कुठे लागली त्यावर दर ठरतो.

शिवाय तिसराही एक दर आहे आणि तो लोकांना माहीत नसतो. ४०,००० किलोपेक्षा कमी वजनाचं विमान शेड्यूल्ड (नियमित वेळापत्रकाने चालणारी) कंपनी चालवत असेल, तर त्याला विकलेलं एटीएफ केंद्रीय विक्रीकर कायद्यात ‘घोषित माल’ ठरतं, आणि त्यावर राज्याला ५ टक्क्यांहून जास्त कर लावता येत नाही. एटीआरच्या (सत्तरेक सीटच्या पंख्याच्या विमानाच्या) अर्थकारणाचा अर्धा जीव या एका ओळीत आहे. तुमचं कॅरावॅन चार टनांचं, म्हणजे वजनात बसतंच. पण परमिट चार्टरचं असेल तर ‘शेड्यूल्ड’ या शब्दाने तुम्ही बाहेर. तेच विमान, तीच नळी, आणि परमिट बदललं की दर बदलला.

आकड्यात बघू. करांआधीचा दर लिटरला ७५ रुपये धरू (दर महिन्याच्या एक तारखेला तो बदलतो, तेव्हा हा फक्त नमुना). चार्टर परमिटवर पुण्यात भरलं: ७५ वर ११ टक्के म्हणजे ८३.२५, त्यावर १८ टक्के, झाले ९८ रुपये. शेड्यूल्ड परमिटवर पुण्यात: ८३.२५ वर ५ टक्के, साधारण ८७.४०. लातूरला उडानच्या सवलतीत: ७५ वर २, त्यावर १ टक्का, साधारण ७७ रुपये २५ पैसे. एका लिटरमागे पहिल्या आणि तिसऱ्यात २१ रुपयांचा फरक, दुसऱ्या आणि तिसऱ्यात दहाचा.

हे पाहिलं की लगेच सुचतं, लातूरलाच जाण्यायेण्याचं सगळं इंधन भरू. करून पाहा. पुणे–लातूर हवाई अंतर साधारण २७० किलोमीटर, कॅरावॅनला टॅक्सी धरून तासभर, एका बाजूला २१० लिटर. पर्यायी विमानतळ आणि राखीव मिळून ३१० लिटर बाजूला. दोन्ही बाजूंचं लातूरला भरायचं तर ७३० लिटर, म्हणजे ५८५ किलो. आता वजन: कमाल उड्डाणवजन ३,९९५ किलो. रिकामं विमान आतल्या सामानासह २,५२० धरू, दोन पायलट १७०, नऊ प्रवासी बॅगांसह माणशी ८५ म्हणजे ७६५. बेरीज ३,४५५. उरले ५४० किलो, म्हणजे ६७५ लिटर. ५५ लिटर जास्त होतात. विमान भरलेलं असेल तर एका प्रवाशाला खाली ठेवल्याशिवाय परतीचं इंधन नेता येत नाही. वाचणार किती? २१० लिटरचे दहा रुपयांनी २,१००. खाली ठेवलेल्या प्रवाशाचं तिकीट तेवढंच, वर त्याची नुकसानभरपाई आणि लातूरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरची बोंब वेगळी. म्हणून नियम साधा ठेवा: आदल्या रात्री बुकिंग आठ किंवा कमी असेल तर लातूरला पूर्ण भरा, नऊ असेल तर परतीचं पुण्यात घ्या. आणि मे महिन्याच्या दुपारी लातूरच्या उष्णतेत वजनाची मर्यादा धावपट्टीच्या तक्त्याप्रमाणे आणखी खाली येऊ शकते, तो तक्ता पायलटकडून काढून घ्या.

अर्थात हे सगळं लातूरला इंधन मिळत असेल तर. छोट्या विमानतळावर तेल कंपनी रोज ४०० लिटरसाठी बाऊझर (इंधन भरणारी टँकर-गाडी) आणि माणूस ठेवत नाही. एक तर किमान उचलीची हमी मागते किंवा पिंपातून भरायची वेळ येते, आणि त्याचे गाळणी, पाण्याची चाचणी, नोंदी हे नियम वेगळे. तेल कंपनीने नाही म्हटलं, तर तुमच्या सादरीकरणातली १ टक्का व्हॅटची ओळ खोडून टाका. सवलत कायद्यात राहील, तुमच्या वहीत येणार नाही.

जीएसटीत दोन गोष्टी अडवतात. इकॉनॉमी तिकिटावर ५ टक्के, पण त्या दराला इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) फक्त सेवांचं मिळतं, वस्तूंचं नाही. विमानाच्या सुट्या भागांवरचा आयात आयजीएसटी जुलै २०२४ पासून सरसकट ५ टक्के झाला, आधी तो भागानुसार २८ पर्यंत जायचा. चांगली सुधारणा आहे, पण हे ५ तुमच्या खर्चातच जातात, परत येत नाहीत. दुसरी गोष्ट अशी की व्हीजीएफच्या रकमेवर जीएसटी माफ आहे तो तीन वर्षं, आणि ती तीन वर्षं मोजतात उडान विमानतळाचं कामकाज सुरू झाल्याच्या अधिसूचित तारखेपासून. तुमच्या मार्गाच्या पहिल्या फेरीपासून नव्हे. एखाद्या विमानतळावर तुमच्याआधी दुसऱ्या कोणी दोन वर्षं विमानं चालवली असतील, तर तुमच्या तीन वर्षांच्या निधीपैकी दोन वर्षांचा निधी करपात्र. बोली लावताना हे न धरणारे चार्टर्ड अकाउंटंटही असतात. लातूरसाठी ही तारीख कोरी असेल तर ती तुमच्या बाजूची. जळगाव-नांदेडसारख्या जुन्या ठिकाणी आधी अधिसूचना पाहा. व्हॅटच्या सवलतीची दहा वर्षंही राज्याच्या अधिसूचनेत कुठल्या तारखेपासून मोजली आहेत, तेही त्याच बैठकीत पाहून घ्या.

आता रोखीचं. समजा एका फेरीचा (एका बाजूचा) एकूण खर्च ५५,००० आला, तिकीट सरासरी २,००० आणि तुमची बोली सीटमागे ४,५०० ची. बोलीला अंतराच्या टप्प्यानुसार वरची मर्यादा असते. ४,५०० त्यात बसतात का ते तक्त्यात पाहा, इथे फक्त गणित दाखवतो. नऊ सीटचा निधी ४०,५००. उरलेले १४,५०० तिकिटांतून यायला हवेत, म्हणजे सव्वासात, अर्थात आठ प्रवासी. नऊपैकी आठ, रोज. महिन्याला २६ दिवस, ५२ फेऱ्या, ४६८ सीट. निधी २१ लाखांच्या थोडा वर.

हे २१ लाख महिनाअखेरीस येत नाहीत. महिना संपतो, तुम्ही फेऱ्यांचा दावा लावता, विमानतळ प्राधिकरण तपासतं, त्रुटी काढतं, केंद्राचा वाटा निघतो, राज्याचा मागून. तुमच्या योजनेत चार महिन्यांचा उशीर धरा. म्हणजे सदैव ८४ लाख अडकलेले. तेल कंपनी आगाऊ पैसे घेते, लीज महिन्याच्या सुरुवातीला डॉलरमध्ये जातं, पायलटचे पगार एक तारखेला. कागदावर फायद्यात असलेला मार्ग सातव्या महिन्यात बंद पडतो तो असा. बँकेला ‘सरकारकडून येणं आहे’ म्हणून सांगितलं तर ती मान डोलावते आणि तारण मागते. हे खेळतं भांडवल विमानाच्या डिपॉझिटइतकंच पहिल्या दिवशी हातात हवं. नसेल तर भागीदार वाढवा, मार्ग वाढवू नका.

दाव्यात त्रुटी कुठे निघतात? प्रवासी यादी आणि लॉगबुक यांतल्या वेळा जुळत नाहीत. सवलतीच्या सीट संकेतस्थळावर विक्रीला खुल्या होत्या याचा पुरावा नसतो. रद्द फेरीचं कारण ‘तांत्रिक’ एवढंच लिहिलेलं असतं. रोज संध्याकाळी लोडशीट, प्रवासी यादी, टेक लॉग (विमानाच्या तांत्रिक नोंदी) आणि इंधन पावती एका फोल्डरमध्ये स्कॅन करून ठेवणारा एक माणूस नेमा. त्याचा पगार या अख्ख्या धंद्यातला सगळ्यात स्वस्त विमा आहे.

रद्द फेरीला निधी नाही, हे पावसाळ्यात कळतं. कॅरावॅनची केबिन दाबयुक्त नाही, त्यामुळे ढगांच्या वर जायचा मार्ग बंद. जून ते सप्टेंबर त्यातूनच जायचं. एक-इंजिनी विमानाला ढगांत किंवा रात्री प्रवासी घेऊन जायला वेगळी मंजुरी लागते. ती नसेल, किंवा लातूरला उपकरणांवर उतरायची पद्धत प्रसिद्ध झालेली नसेल, तर दृश्यता पाच किलोमीटरच्या खाली गेली की फेरी रद्द. त्यात डिसेंबर-जानेवारीत पुण्याचं सकाळचं धुकं. वर्षाच्या योजनेत शंभर टक्के फेऱ्या धरू नका. ८० ते ८५ टक्के धरून गणित बसतं का ते पाहा. लीजचं भाडं पाऊस बघत नाही, आणि कॅरावॅनच्या पीटी६ इंजिनाच्या दुरुस्तीचा राखीव निधीही तासागणिक डॉलरमध्येच जातो. ३,६०० ते ४,००० तासांना ओव्हरहॉल आणि अर्ध्यावर हॉट सेक्शनची (इंजिनातल्या सगळ्यात तापणाऱ्या भागाची) तपासणी, या दोन्हीच्या तारखा लीज घेताना इंजिनाच्या लॉगमधून काढा. स्वस्तात मिळालेल्या विमानाची हॉट सेक्शन बहुधा तुमच्याच दुसऱ्या वर्षात येत असते.

माणसांचं धोरण थोडक्यात सांगतो. कमांडरला बारा महिन्यांची आणि को-पायलटला सहा महिन्यांची नोटीस, हा २०१७ चा नियम कागदावर तुमच्या बाजूचा आहे, पण नवा पायलट घेताना तोच आडवा येतो. जुलै २०२५ पासून साप्ताहिक विश्रांती ३६ वरून ४८ तास झाली. एका विमानासाठी दोन जोड्या पुरतात हा जुना हिशेब सोडा, तीन धरा.

मक्तेदारीबद्दल तुम्ही फार विसंबून आहात असं वाटलं. बोलीच्या पाचव्या फेरीच्या अटींत चार सलग तिमाहींत सरासरी भराई ७५ टक्क्यांवर गेली की मक्तेदारी संपते. आपल्या गणितात तुम्हाला टिकायला नऊपैकी आठ सीट, म्हणजे ८९ टक्के लागतात. थोडक्यात, तुम्ही तगलात की वर्षभरात दार उघडतं आणि ७० सीटचं विमान असलेला कोणीही आत येऊ शकतो. त्याचा सीटमागचा खर्च तुमच्याहून खूप कमी. तुम्ही बाजार तयार करून द्यायचा आणि पीक त्याने कापायचं, अशी शक्यता धरूनच चला.

सरकारी धोरण फक्त विमान खात्याचं नसतं, हेही सांगायला हवं. तुमची खरी स्पर्धा रस्ता आणि रेल्वेशी. सोलापूर–पुणे–मुंबई वंदे भारत फेब्रुवारी २०२३ मध्ये सुरू झाली, विमानतळाच्या उद्घाटनाआधी दीड वर्ष; आणि तिथला विमानमार्ग उभा करायला राज्याला २०२५ मध्ये स्वतःच्या तिजोरीतून तफावत निधी मंजूर करावा लागला. पुणे–नाशिक १८-१९ सीटच्या विमानाने डिसेंबर २०१७ मध्ये जोडलं गेलं होतं, टिकलं नाही. दोनशे किलोमीटरचा रस्ता असताना लोहगावला तासभर आधी पोहोचा, तिथून गावात जा, यात वाचलं काय? लातूर त्या मानाने बरं. रस्त्याने सव्वातीनशे किलोमीटर, वंदे भारत नाही. पण रात्रीची स्लीपर ट्रॅव्हल्स आहे, जी स्वारगेटला जेवून बसलेल्या माणसाला पहाटे घराजवळ सोडते आणि लॉजचं भाडंही वाचवते. तुमचा प्रवासी तो नव्हेच. तुमचा प्रवासी म्हणजे डॉक्टर, सोयाबीन-डाळीचा मोठा व्यापारी, बिल्डर, क्लासचालक आणि सरकारी अधिकारी. असे रोज दोन्ही बाजूंनी मिळून सोळा निघतात का, हे लातूरच्या व्यापारी संघटनेत आणि दोन मोठ्या हॉस्पिटलांत जाऊन महिनाभर मोजा. ‘विमान आलं तर जाल का?’ असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. ‘गेल्या महिन्यात पुण्याला किती वेळा गेलात आणि गाडीला किती खर्च आला?’ असं विचारा.

चौथ्या वर्षाचं गणित तर सोपं आहे आणि कडूही. निधी गेला, खर्च ५५,००० च राहिला, भराई ७० टक्के धरली तर ६.३ प्रवासी, म्हणजे तिकीट ८,७०० च्या वर. इतकं देणारे लातूरला किती, हे तुम्हीच सांगा. माझ्या मते नऊ सीटच्या विमानावर फक्त हा एक मार्ग चौथ्या वर्षी उभा राहत नाही. दिवसाला एकदाच जाणं-येणं म्हणजे महिन्याला ५२ तास. कॅरावॅनचा ठरलेला खर्च पसरायला ९० ते १०० तास लागतात. उरलेले तास तुमच्या चार्टरच्या धंद्यातून, मालवाहतुकीतून किंवा दुसऱ्या मार्गातून भरून काढता येत असतील तरच पुढे जा.

ग्राउंड हँडलिंगकडेही पुन्हा बघा. एटीआर किंवा तेवढ्याच विमानांच्या कंपन्या राज्यातल्या छोट्या विमानतळांवर येत आहेत, पण योजनेत त्यांना स्वतःचं हँडलिंग स्वतः करायची मुभा आहे, त्यामुळे बाजार तुम्ही समजता तितका मोकळा नाही. त्यांना परवडेल असं काय देऊ शकाल? रोज एक फेरी असलेल्या ठिकाणी त्यांचा चार माणसांचा पगार वाया जातो. तीच चार माणसं तुम्ही दोन कंपन्या, चार्टर आणि एअर ॲम्ब्युलन्समध्ये वाटून देऊ शकलात तर ते ऐकतील. यात विमानाची डॉलरची जोखीम नाही.

तरीही विमानच घ्यायचं ठरलं तर लेसर डिपॉझिट किती मागतो ते पाहा. २०२३ मध्ये एका मोठ्या कंपनीच्या दिवाळखोरीत विमानं अडकली तेव्हापासून लेसर हात राखून आहेत. २०२५ मध्ये विमानातील हितसंबंधांच्या संरक्षणाचा कायदा आला, त्याचा हवाला देऊन तीन महिन्यांच्या डिपॉझिटवर घासाघीस करायला आता जागा आहे. करारात एक कलम आवर्जून घाला: व्हीजीएफचा मार्ग रद्द झाला किंवा विमानतळाचा परवाना निलंबित झाला, तर ठरलेल्या रकमेत नव्वद दिवसांच्या नोटिशीवर विमान परत करता येईल. लेसर पहिल्यांदा नाही म्हणेल, दुसऱ्यांदा परतीची रक्कम वाढवून सांगेल. ती रक्कम आणि अडकणारे ८४ लाख यांची बेरीज तुमच्या आणि मेव्हण्यांच्या मिळून किती झेपते, ते सही आधी ठरवा. आणि लातूरच्या इंधनाबद्दल तेल कंपनीला आजच पत्र टाका, कारण त्यांच्या उत्तराला सगळ्यात जास्त वेळ लागतो.